भातावरची पानं गुंडाळणारी अळी: दिव्यावर येणारा हा पिवळा पतंग नेमका कोणता?

कुणगेवाला
12 ऑगस्ट, रात्री 9:50

नमस्कार मंडळी. कुडाळ तालुक्यात आमची थोडी भातशेती आहे. ओहोळाकडेचे चार कुणगे, म्हणजे भाताचे लहान तुकडे, आणि घरामागचा एक. सगळीकडे जया जातीचं भात आहे, लावणी 8 जुलैला संपली.

चार दिवसांपासून पानांवर पांढरे पट्टे दिसताहेत. काही पानं उभी दुमडून नळीसारखी झालीत. रात्री पडवीतल्या दिव्यावर पिवळे पतंग येतात, करंगळीच्या नखाएवढे. बसला की त्रिकोणी दिसतो. पंखांवर काळपट आडव्या रेघा आणि कडेला रुंद काळपट पट्टा. फोटो 1 आणि 2 त्याचे आहेत, फोटो 3 पानांचा.

ओळख पटवणाऱ्या अ‍ॅपवर टाकला तर नॅफॅलोक्रोसिस मेडिनॅलिस असं आलं. त्याखाली कुणीतरी लिहिलं, मरास्मियासुद्धा असू शकतो. आता हे दोन वेगळे कसे ओळखायचे? आणि शेतात जे दिसतंय ते याच पतंगाचं काम आहे हे कसं ठरवायचं?

विचारायला कारण आहे. गेल्या वर्षी पानं पांढरी दिसली म्हणून दुकानातून औषध आणून दोनदा मारलं. पैसे गेले, पानं पांढरीच राहिली, आणि कुणग्यातले कोळी मात्र दिसेनासे झाले. यंदा आधी ओळखायचं, मगच पंप उचलायचा असं ठरवलंय.


चिखलपाय
12 ऑगस्ट, रात्री 10:15

आमच्याकडे याला सरळ सुरळीतली अळी म्हणतात. खाचरातलं पाणी काढा, दोन-तीन दिवस कोरडं ठेवा, जाते.


सावंतीण
12 ऑगस्ट, रात्री 10:32

चिखलपाय, सुरळीतली अळी वेगळी हो. ती पानाचा शेंडा कातरते, त्या तुकड्याची सुरळी करून आत राहते आणि सुरळीसकट पाण्यावर तरंगते. अळीच्या अंगावर बारीक केसासारखे कल्ले असतात, म्हणून तिला पाणी लागतं आणि म्हणूनच पाणी काढलं की ती मरते. तिचा पतंग पांढराशुभ्र, वर फिकट तपकिरी ठिपके.

कुणगेवाल्यांच्या फोटो 3 मधली पानं शेंड्याला कातरलेली नाहीत. पान झाडालाच आहे, फक्त दुमडलंय. ही पानं गुंडाळणारी अळी. हिला पाणी काढून काही होणार नाही, उलट भात तहानेल.

माझे सासरे दोघींनाही "सुरळी"च म्हणायचे, त्यामुळे घोळ जुनाच आहे.


चिखलपाय
12 ऑगस्ट, रात्री 10:41

बरोबर आहे ताई. आमच्याकडे खोलगट खाचरं आहेत, तिथे ती तरंगणारीच असते. म्हणून तेच डोळ्यासमोर आलं.


दिवेलागण
12 ऑगस्ट, रात्री 11:20

मी पतंग बघतो, शेती नाही. दर जुलैच्या शेवटी, पतंग सप्ताहात, गच्चीवर पांढरी चादर आणि बल्ब लावून बसतो. तुमचा फोटो 2 मोठा करून पाहिला.

आधी पिवळा खोडकिडा बाजूला काढू, कारण दिव्यावर तोही येतो आणि तोही पिवळाच. खोडकिड्याच्या मादीच्या पुढच्या पंखावर मधोमध एकच काळा ठिपका असतो आणि पोटाच्या टोकाला केसांचा झुबका. रेघा नसतात. तुमच्या पतंगाला रेघा आहेत, म्हणजे तो गेला.

आता रेघा. पुढच्या पंखावर तीन मोजायच्या. अंगाजवळची एक आणि बाहेरची एक, या दोन्ही पंखाच्या वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत जातात. या दोघींच्या मधली तिसरी बघा. मेडिनॅलिसमध्ये ती तोकडी असते. वरच्या कडेपासून निघते आणि पंखाच्या मध्यावरच संपते, जणू पेनातली शाई संपली. मागच्या पंखावर दोन रेघा, त्यातली आतली आखूड.

तुमच्या फोटोत मधली रेघ तोकडी वाटते, पण डाव्या पंखावरचे खवले झडलेत. एका पंखावर पैज लावणार नाही.


कोंडुरा
13 ऑगस्ट, सकाळी 7:05

मी कीटकशास्त्र शिकवायचो, आता निवृत्त आहे. दिवेलागण यांचं निरीक्षण चोख आहे, त्यात थोडी भर घालतो.

भाताची पानं गुंडाळणारी एकच जात नाही, एक कुटुंबच आहे. नॅफॅलोक्रोसिस मेडिनॅलिसचं वर्णन गेने या फ्रेंच अभ्यासकाने 1854 मध्ये केलं. मरास्मिया पॅटनॅलिस मात्र ब्रॅडली यांनी 1981 मध्ये वेगळी दाखवली. म्हणजे तोवर लोक ती दुसऱ्याच नावाने मोजत होते. शिवाय मरास्मिया एक्झिगुआ आहे. हल्ली बरेच अभ्यासक मरास्मिया हे नावच नॅफॅलोक्रोसिसमध्ये जमा करतात, त्यामुळे एकाच पतंगाला दोन ठिकाणी दोन नावं दिसतात. अ‍ॅपवरचा वाद अर्धा तिथूनच येतो.

आपल्याकडे भातावर मेडिनॅलिसच जास्त सापडते. पण जास्त सापडते म्हणून हातातला पतंग तोच, असं होत नाही. मधली रेघ मध्यावर न थांबता खाली उतरत असेल किंवा बाहेरच्या रेघेला जाऊन मिळत असेल, तर मेडिनॅलिस लिहू नका. अगदी छातीठोक सांगायचं असेल तर पोटाच्या टोकाचं विच्छेदन करून जननेंद्रियं पाहावी लागतात.

विच्छेदन न करता उपयोगी पडणारी एक खूण आहे. मेडिनॅलिसचा नर मिळाला तर पुढच्या पंखाच्या वरच्या कडेवर, साधारण मधोमध, काळपट खवल्यांचा उंचवटा दिसतो. साध्या भिंगातूनही दिसतो. शिवाय बसलेला नर पोटाचं टोक वर उचलून ठेवतो.

कुणगेवाला, दिव्यावरच्या पतंगाची ओळख आणि कुणग्यातल्या अळीची ओळख हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दिव्यावर शेजारच्या गवतातलेही पतंग येतात. गुंडाळलेली पानं अळीसकट बरणीत ठेवा आणि त्यातून काय निघतं ते पाहा.


गवतफुल्या
13 ऑगस्ट, सकाळी 8:12

सर, बरणीत पान सुकत नाही का? माझ्या मुलीने मागे प्रयोग केला होता, दोन दिवसांत पान कोरडं आणि अळी मेली.


कोंडुरा
13 ऑगस्ट, सकाळी 8:30

पान तोडू नका, चूडच, म्हणजे एका जागी लावलेल्या रोपांचा झुबका, उपटून आणा. मुळं ओल्या फडक्यात गुंडाळून मोठ्या बरणीत उभी करा आणि तोंडाला मलमलीचं कापड बांधा. बरणीत पाणी साचू देऊ नका, अळी त्यात बुडते. ऊनही नको.


पाणंद
13 ऑगस्ट, दुपारी 1:40

मला एक वेगळीच शंका आहे. फोटो 3 मध्ये डाव्या कोपऱ्यातलं पान बघा. ते दुमडलेलं नाही, कडा नुसत्या वर वळल्यात आणि शेंड्याकडून वाळत चाललंय. आमच्याकडे राजापूरला निळे भुंगेरे असंच करतात. भुंगेरा आणि त्याची अळी दोघंही पानाचा वरचा भाग खरवडतात आणि पान लांबीने आत वळतं. लांबून पाहिलं तर गुंडाळणाऱ्या अळीचंच वाटतं.

आम्ही ओळखतो ते असं. दुमडलेलं पान दोन्ही अंगठ्यांनी हळूच उघडायचं. उघडताना बारीक "चर्र" झालं, पांढरे धागे ताणले जाऊन तुटले, तर ती गुंडाळणारी अळी. तिने पानाच्या दोन कडा रेशमाने टाचलेल्या असतात. धागे नसतील, पान आपसूक उघडलं आणि आत निळाकाळा, तांदळाच्या दाण्याएवढा भुंगेरा बसलेला असला, तर तुमचा पतंग निर्दोष आहे :)


सावंतीण
13 ऑगस्ट, दुपारी 2:05

पाणंद, काय नेमकं सांगितलंत! +1

आणखी एक. गुंडाळणाऱ्या अळीला नुसतं बोट लावलं तरी ती वळवळून मागे पळते, धाग्याला लोंबकळून खाली पडते. हिरवट पिवळी अंगकाठी, डोकं गडद. पानात तिची विष्ठाही असते, काळसर दाणे.


मुंबैकर_मूळ_देवगड
13 ऑगस्ट, दुपारी 3:30

आमच्या गॅलरीतल्या भेंडीची पानं तुतारीसारखी गुंडाळली जातात, तो हाच का?


दिवेलागण
13 ऑगस्ट, दुपारी 4:10

नाही, पण नातेवाईक आहे. भेंडी आणि कापसावरचा पतंग मोठा असतो, फिकट पिवळसर पंखांवर तपकिरी नागमोडी रेघांची जाळी. भातावरच्याच्या रेघा मोजता येतात, त्याच्या मोजायला गेलात तर चुकता. माठ-राजगिऱ्यावर पानं जुळवणारा तिसरा एक आहे, गडद तपकिरी पंख आणि त्यावर ठळक पांढरा पट्टा. तो एकदा पाहिला की विसरत नाही.


पातोळेप्रेमी
13 ऑगस्ट, संध्याकाळी 6:20

विषय निघालाच आहे तर. हळदीची पानं पातोळ्यांसाठी काढायला गेलं की दर वर्षी दोन-चार पानं गुंडाळलेली मिळतात. आई ती बाजूला ठेवते, म्हणते आत पाखरू झोपलंय. ते कोणतं?


दिवेलागण
13 ऑगस्ट, संध्याकाळी 6:55

आईंचं बरोबर आहे, आणि ते खरोखर फुलपाखरूच आहे, पतंग नाही. उडास्पेस फोलस. हळद आणि आल्याच्या पानांवर अळी असते. मोठं झाल्यावर काळपट तपकिरी पंखांवर पांढरे डाग. पान गुंडाळणं ही काही एका कुळाची मक्तेदारी नाही. भातावरसुद्धा एक असंच चपळ फुलपाखरू आहे, पेलोपिडास. त्याची हिरवी अळी पानाच्या कडा जोडते, पण ती पान कडेकडून कुरतडून खाते, नुसतं खरवडत नाही. डोक्यावर दोन्ही बाजूंना तांबूस रेघ. कुणगेवाल्यांनी तेवढंही बघून घ्यावं.


किवीतली_मावशी
13 ऑगस्ट, रात्री 11:50

न्यूझीलंडहून लिहितेय. इथे सफरचंदाच्या बागांत लीफरोलर म्हटलं की वेगळंच कुळ, टॉर्ट्रिसिड. ऑस्ट्रेलियातून आलेला फिकट तपकिरी सफरचंदी पतंग आणि इथलेच मूळचे तपकिरी डोक्याचे, हिरव्या डोक्याचे. एकाच जातीत इतके रंग की पंख बघून डोकं फिरतं. आधी एक समजल्या गेलेल्या काही जाती मादीच्या गंधावरून वेगळ्या कळल्या. नर कोणत्या गंधाच्या सापळ्यात येतो ते बघायचं. माणसाच्या डोळ्याला जे दिसत नाही ते पतंगाच्या नराला बरोबर कळतं. तुमच्याकडे निदान तोकडी रेघ तरी आहे!


बांधावरचा
14 ऑगस्ट, सकाळी 6:40

सगळं वाचलं. राग मानू नका, पण शेतकऱ्याला मेडिनॅलिस आहे की पॅटनॅलिस याने काय फरक पडतो? अळी तीच, खाणं तेच, औषध तेच. एवढ्यात पान पांढरं होऊन वाळेल. नाव कळेपर्यंत पीक जायचं.


कोंडुरा
14 ऑगस्ट, सकाळी 9:15

बांधावरचा, तुमचा प्रश्न रास्त आहे. त्या दोन जातींमधल्या फरकाने तुमचा आजचा निर्णय बदलणार नाही, हे मान्य. पण गुंडाळणारी अळी, सुरळीतली अळी आणि निळा भुंगेरा यांतला फरक नक्की बदलेल. एकीला पाणी काढायचं, दुसरीला नाही. तेवढी ओळख व्हायला पानं उघडण्याची दहा मिनिटं पुरतात.

"पीक जायचं" याबद्दल मात्र मला कळकळीने बोलायचंय. पांढरं पान डोळ्यात भरतं, म्हणून माणूस घाबरतो. फुटव्याच्या काळात भात बरीच पानं गमावून पुन्हा भरून काढतो. व्हिएतनाममध्ये मेकाँगच्या खोऱ्यात 1990 च्या दशकात भाताच्या किडींचे अभ्यासक के. एल. हिओंग आणि सहकाऱ्यांनी शेतकऱ्यांना सांगितलं, पेरणीनंतर पहिले 40 दिवस पानं खाणाऱ्या अळ्यांसाठी फवारू नका, स्वतःच्या एका तुकड्यात करून बघा. लोकांनी करून पाहिलं, उत्पन्न घटलं नाही, आणि फवारण्या खूप कमी झाल्या. आपली लावणी आणि त्यांची पेरणी यांचा हिशेब वेगळा, पण झाड तेच आहे.

आपल्याकडची साधी मर्यादा अशी: फुटव्यात एका चुडात सरासरी 2 ताजी गुंडाळलेली पानं दिसली तरच उपायाचा विचार. ताजी म्हणजे आत जिवंत अळी असलेली. जुनी, रिकामी, पांढरी पानं मोजायची नाहीत. पोटरीवर आल्यावर, म्हणजे लोंबी आत भरू लागल्यावर, मात्र हात सैल सोडू नका, तेव्हा शेंड्याचं पान गेलं तर दाणा भरायला अडचण येते.


सावंतीण
14 ऑगस्ट, सकाळी 9:50

युरियाचंही बोला सर. जिथे युरिया सढळ हाताने पडतो, पानं काळीभोर हिरवी होतात, तिथेच ही अळी पहिली. आमच्या गोठ्याजवळच्या कुणग्यात दर वर्षी तेच. यंदा तिथला दुसरा हप्ता निम्मा केलाय.

आणि आमच्याकडची जुनी पद्धत: दोघं दोन बांधांवर, मधे दोरी, चुडांवरून ओढत न्यायची. अळ्या पाण्यात पडतात.


बांधावरचा
14 ऑगस्ट, सकाळी 10:30

जिवंत अळी असलेलीच पानं मोजायची हे मला माहीत नव्हतं. मी सगळी पांढरी मोजत होतो. आज मोजून येतो.


चिखलपाय
14 ऑगस्ट, दुपारी 12:10

दोरी ओढायला आमचं गाव तय्यार. जेवण कुणगेवाल्यांकडे.


कुणगेवाला
14 ऑगस्ट, रात्री 9:20

जेवायला कधीही या.

आज पाचही कुणगे फिरलो, प्रत्येकात वीस चूड. ओहोळाकडच्या चारांत धागे तुटायचा आवाज अगदी स्पष्ट येतो. चुडाला सरासरी एकापेक्षा कमी ताजी पानं. घरामागच्या कुणग्यात मात्र धागेच नाहीत! पान आपोआप उघडलं आणि आत निळे भुंगेरे. पाणंद, तुमची नजर खरी. गेल्या वर्षी मी सगळीकडे एकच औषध मारलं होतं.

एका गुंडाळीत अळी नव्हती, तिथे एक लांबट तांबूस भुंगा होता, पाठीवर निळसर काळे पट्टे. हा कोण? ओहोळाकडच्या चुडांतून 9 गुंडाळ्या बरणीत ठेवल्यात.


कोंडुरा
14 ऑगस्ट, रात्री 9:45

त्याला हात लावू नका, तो तुमचा माणूस आहे. ओफिओनिया. गुंडाळीत शिरून अळ्या खातो. गेल्या वर्षीच्या दोन फवारण्यांत कोळ्यांबरोबर तोही गेला असणार.


गवतफुल्या
20 ऑगस्ट, रात्री 8:00

कुणगेवाला, बरणीचं काय झालं? मुलगी रोज विचारतेय.


कुणगेवाला
27 ऑगस्ट, रात्री 10:05

उशीर झाला, माफ करा. गणपतीची साफसफाई सुरू आहे.

9 गुंडाळ्यांचा हिशेब. दोन अळ्या पहिल्या तीन दिवसांतच मेल्या. दोघींच्या शेजारी पांढरे बारीक कोश सापडले, त्यांतून परवा मुंगीएवढ्या काळ्या गांधीलमाश्या निघाल्या. एक गुंडाळी रिकामीच होती. बाकी सहा अळ्यांचे त्याच पानात कोश झाले, तपकिरी, वर विरळ रेशीम. 23 तारखेपासून पतंग निघायला लागले. कालपर्यंत पाच.

दिवेलागण यांनी फोनवर युक्ती सांगितली. पतंग झाकणबंद बाटलीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात पाच-सात मिनिटं ठेवायचा, म्हणजे शांत बसतो आणि खवले झडत नाहीत. फोटो 4 ते 8 तसे काढलेत. पाचही पतंगांच्या दोन्ही पंखांवर मधली रेघ मध्यावर थांबते. एकाच्या पंखाच्या वरच्या कडेला, त्या रेघेच्या वर, काळा उंचवटा आहे. भिंगाने बघितला तर काजळाचा ठिपका लावून बोटाने जरा वर ओढल्यासारखा. बाटलीत तो पोट वर उचलूनच बसला होता.


दिवेलागण
27 ऑगस्ट, रात्री 10:30

फोटो 6 अप्रतिम! उंचवटा, तोकडी रेघ, कडेचा रुंद पट्टा, सगळं स्वच्छ. नर, नॅफॅलोक्रोसिस मेडिनॅलिस. पहिल्या फोटोवर मी जे बोलायचं टाळलं ते आता बिनधास्त बोलतो.


कोंडुरा
27 ऑगस्ट, रात्री 10:52

सहमत. त्या नरामुळे शंका उरली नाही. मेलेले पतंग टाकू नका, कागदाच्या पुडीत तारीख आणि गाव लिहून ठेवा. पुढे कुणी या जातींवर काम करायला आलं तर भाताच्या अळीपासून वाढवलेला, जागा-वेळ माहीत असलेला नमुना दिव्यावरच्या शंभर पतंगांपेक्षा मोलाचा.

आणि दिव्यावर आलेला तो पहिला पतंग? त्याचं नाव मी अजूनही लिहिणार नाही. डाव्या पंखाचे खवले झडलेत.


बांधावरचा
28 ऑगस्ट, सकाळी 6:20

मी मोजलं. चुडाला दीड ताजं पान. फवारलं नाही, काल दोरी ओढली. पोटरी दहा-बारा दिवसांवर आहे, तेव्हा पुन्हा मोजून इथेच लिहितो.


कुणगेवाला
28 ऑगस्ट, सकाळी 7:00

सहावा कोश आज पहाटे फुटला. मादी आहे वाटतं, उंचवटा नाही. रेघ तोकडीच. पुडीवर तारीख घातली, घरामागच्या कुणग्यातल्या भुंगेऱ्यांसाठी इथे नवीन चर्चेचा धागा काढतो. पाणंद, तिकडे यायचं.